अल्कलिनिटी घसरली? सोड्याचा डबा उघडण्याआधी गणित करा

आमच्या जामखेडला बोअरचं पाणी उकळलं की पातेल्याला पांढरा थर धरतो. पाण्यातलं बायकार्बोनेट आणि कॅल्शियम मिळून कॅल्शियम कार्बोनेट बनतं, तोच हा थर. प्रवाळही आपला सांगाडा याच पदार्थाचा बांधतात. म्हणून प्रवाळाच्या टाकीत अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद, रोज थोडी खर्च होते. समुद्रात ती साधारण ६.५ ते ७ डीकेएच असते; टाकीत ७ ते ९ ठेवतात.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी आमच्या १०० लिटरच्या टाकीत ती ५.५ दिसली. मी घाबरून धुण्याचा सोडा (सोडियम कार्बोनेट) एकदम ओतला. पाणी दुधाळ! दुसऱ्या दिवशी मोजलं तर अल्कलिनिटी जेमतेम वाढलेली आणि कॅल्शियम उलट कमी. पातेल्यातला थर मी टाकीत तयार केला होता. तेव्हापासून हा क्रम पाळतो:

१. किट तपासा. १ लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ०.३ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवा. किटने १० च्या आसपास दाखवायला हवं. नाही दाखवलं, तर दोष टाकीचा नसेलही.

२. खारटपणा बघा. तो ३५ पीपीटीपेक्षा बराच कमी असेल, तर सगळेच आकडे कमी येतात. तिथे सोडा नाही, समुद्री मीठ लागतं.

३. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मोजा. साधारण ४२० आणि १३०० मिलिग्रॅम प्रतिलिटर हवं. सांगाडा बांधताना १ डीकेएच खर्च झाला, तर कॅल्शियम फक्त ७ मिलिग्रॅमने उतरतं. त्यामुळे 'कॅल्शियम तर ठीक आहे' यावर फसू नका. मॅग्नेशियम कमी असेल तर थर लवकर बसतो.

४. आता डोस. १०० लिटरला १ डीकेएच वाढवायला सुमारे ३ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. ५.५ वरून ८ म्हणजे २.५ × ३ = ७.५ ग्रॅम. पण दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त वाढ नको, म्हणून तीन दिवसांत विभागून. सोडा गोड्या शुद्ध पाण्यात विरघळवून, जिथे प्रवाह जोरात आहे तिथे हळूहळू सोडा. पीएच थोडा वेळ किंचित उतरेल, घाबरू नका.

५. खर्च काढा. पातळी सुधारली की दोन दिवस काहीही न टाकता ठरलेल्या वेळी मोजा. जितकी घट, तितका रोजचा डोस. हे केलं नाही, तर महिन्याभरात पुन्हा ५.५.

आणि बोअरच्या पाण्यात अल्कलिनिटी आहे म्हणून तेच टाकीत भरू नका. वाफ होऊन नुसतं पाणी जातं, त्यातले क्षार साठत राहतात.

प्रवाळांवर काम करायचं असेल तर अजून एक: मालवणच्या किनाऱ्यावरून तुकडा उचलून आणायचा विचारही नको. दगडी प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चं संरक्षण आहे. अभ्यासासाठीही परवानगी लागते.

माझी केमिस्ट्री तेव्हाही बरोबर होती. मी फक्त मोजण्याआधी ओतलं. तुमच्या प्रयोगात तेवढं टाळा.