संगणक कशाची वाट बघतोय?

‘काका, फॉर्मॅट मारून देतो, एकदम नवा होईल.’ वसई, नालासोपारा, विरार, स्टेशनबाहेरच्या कुठल्याही दुरुस्तीच्या गाळ्यात मंदावलेला संगणक नेला की पहिला सल्ला बहुधा हाच मिळतो. तो अगदीच खोटा नसतो. विंडोज नव्याने टाकली की साचलेला पसारा जातो, न विचारता सुरू होणारे प्रोग्रॅम जातात आणि यंत्र काही आठवडे पळतं. मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न, कारण मूळ दुखणं कोणी शोधलेलंच नसतं. एका दुखण्यात तर फॉर्मॅट मारणं हाच सगळ्यात वाईट इलाज ठरतो. त्याबद्दल पुढे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. प्रोसेसर वयोमानाने मंदबुद्धी होत नाही. त्याचा ठेका क्वार्ट्‌झच्या स्फटिकावर बांधलेला असतो. घेतला तेव्हा तो सेकंदाला तीन अब्ज ठोके देत असेल, तर दहा वर्षांनीही देऊ शकतो. बदलतात त्या दोन गोष्टी. एक, त्याच्यावर पडणारं काम. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीला किमान ६४ एमबी रॅम, म्हणजे कामापुरती मेमरी, पुरत असे. २०२१ च्या विंडोज ११ ला किमान ४ जीबी लागते. वीस वर्षांत चौसष्ट पट, आणि त्या ४ जीबीत सुखाने काम होतं असं मी म्हणणार नाही. पास्कल ही संगणकभाषा घडवणारे स्विस शास्त्रज्ञ निक्लाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच तक्रार केली होती की यंत्रं जितक्या वेगाने सुधारतात त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर जड होत चाललंय. दुसरी गोष्ट म्हणजे प्रोसेसरला कशासाठी तरी थांबावं लागणं. घरच्या संगणकाच्या बहुतेक तक्रारी या थांबण्याच्याच असतात.

तो कशासाठी थांबलाय हे बघायला पैसे पडत नाहीत. मात्र यंत्र अडकलेलं असतानाच बघावं लागतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या ‘परफॉर्मन्स’मध्ये प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे आलेख एकाखाली एक दिसतात. प्रोसेसरचा आलेख शंभराला भिडलेला असेल, तर कोणता प्रोग्रॅम त्याला राबवतोय ते यादीत कळतं. बऱ्याचदा एकाच वेळी टाकलेले दोन अँटिव्हायरस किंवा ब्राउझरमध्ये कधीतरी घुसलेलं एखादं एक्स्टेंशन सापडतं. ते काढलं की प्रश्न मिटला.

पण अनेकदा चित्र उलटं असतं. प्रोसेसर पाच-दहा टक्क्यांवर निवांत आणि डिस्क मात्र शंभर टक्के. अशा वेळी मेमरीचा आलेखही नव्वदीच्या वर असेल, तर रॅम अपुरी पडतेय. रॅममध्ये मावेना ते विंडोज तात्पुरतं डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तसं परत आणते. ही ने-आण किती महाग पडते? रॅममधून माहिती साधारण शंभर नॅनोसेकंदांत मिळते. फिरत्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेत असेल, तर हवी ती जागा समोर यायला सरासरी साडेपाच मिलिसेकंद, शिवाय वाचणारा दांडा सरकवण्याचा वेळ वेगळा. सगळं मिळून दहा मिलिसेकंदांच्या पुढेच. रॅमचा वेळ एक सेकंद धरला, तर हार्ड डिस्कचा होतो जवळजवळ अठ्ठावीस तास. एसएसडी या चिपवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये फिरणारं काहीच नसतं. त्याच मापाने तिला सतरा मिनिटांच्या आसपास लागतात. जुन्या संगणकात एसएसडी बसवल्यावर लोकांना नवं यंत्र घेतल्यासारखं वाटतं ते यामुळे, आणि खर्च करायचाच असेल तर पहिला तिच्यावर करावा असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ते वाईट दुखणं. मेमरी मोकळी आहे, डिस्क शंभर टक्के व्यस्त दिसते, पण प्रत्यक्षात सेकंदाला मोजके केबीच वाचले जातायत आणि मधूनच सगळा पडदा गोठतो. याचा अर्थ बहुधा डिस्कच्या पृष्ठभागावरचा एखादा भाग नीट वाचता येत नाहीये. अशा वेळी डिस्क तोंडाने काही बोलत नाही. तोच भाग पुन्हा पुन्हा वाचून बघते आणि त्यात कित्येक सेकंद जातात. आपल्याला वाटतं, कॉम्प्युटर हँग झाला. गूगलने २००७ मध्ये आपल्या लाखाहून अधिक हार्ड डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली वाचन-चूक सापडलेली डिस्क पुढच्या साठ दिवसांत बंद पडण्याची शक्यता, चूक नसलेल्या डिस्कच्या एकोणचाळीस पट असल्याचं त्यात आढळलं. म्हणून आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवायची. इथे घाईने फॉर्मॅट मारलं तर लग्नाचा अल्बम जातो आणि आजारी डिस्क तिथेच राहते. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखी मोफत साधनं डिस्कची स्वतःची ‘स्मार्ट’ नोंदवही उघडून दाखवतात. त्यात बदललेल्या आणि प्रलंबित सेक्टरांचे, म्हणजे डिस्कवरच्या खराब कप्प्यांचे, आकडे वाढत असतील तर डिस्क बदलायचा निर्णय झालाच म्हणायचा.

वसईत या सगळ्यात समुद्र लुडबुड करतो. अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव या किनाऱ्यावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात आणि पंखा ते धुळीसकट संगणकाच्या पेटीत ओढून घेतो. कोरडं मीठ निरुपद्रवी. पण हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी शोषून स्वतःच विरघळायला लागतं. जुलैत स्वयंपाकघरातली मिठाची बरणी ओली होते तीच ही क्रिया. सर्किट बोर्डावर असा खाऱ्या पाण्याचा पातळ थर बसला की तांबं हिरवं पडतं, जोडांचा संपर्क बिघडतो.

इथे दुकानातला खोडरबर आठवतो. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवर रबर घासायचा आणि परत बसवायची, हा इलाज आपल्याकडे सर्रास चालतो. त्यामागे तथ्य आहे. ८ जीबीसाठी दोन पट्ट्या असतील आणि एकीचा संपर्क तुटला, तर काही यंत्रं तक्रार न करता उरलेल्या ४ जीबीवर सुरू होतात. घरच्यांना फक्त ‘स्लो झालाय’ एवढंच जाणवतं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा एकूण आकडा वाचला तर चोरी पकडली जाते. पण त्या दातांवरचा सोन्याचा मुलामा फारच पातळ असतो. दर पावसाळ्यात रबर घासला तर मुलामा निघतो आणि खालचा धातू उघडा पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवणं जास्त शहाणपणाचं.

ओलसर धूळ आणखी एक काम करते. प्रोसेसरवरच्या धातूच्या पात्यांमध्ये ती नमद्यासारखी घट्ट बसते आणि हवा अडते. आधुनिक प्रोसेसर शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की जळू नये म्हणून स्वतःचा ठेका कमी करतो. याची खूण ओळखीची आहे: सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं ठीक, मग पंख्याचा आवाज आणि मंदपणा, टास्क मॅनेजरमध्ये गिगाहर्ट्‌झचा आकडा खाली आलेला. वायर काढून, पेटी गॅलरीत नेऊन, मऊ ब्रश आणि ब्लोअरने साफ करायची. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर तो हवेने भरमसाट फिरून बेअरिंग खराब होतं. प्रोसेसरवरची उष्णतावाहक पेस्ट सुकून खडू झाली असेल तर तीही बदलून घ्यावी.

पेटी जमिनीवर ठेवू नये, हे २०१८ च्या जुलैत पुराचं पाणी घरात शिरलेल्या वसई-विरारमधल्या तळमजल्यावरच्या लोकांना सांगावं लागलं नसतं. पाणी शिरलेलं यंत्र पूर्ण कोरडं होईपर्यंत चालू करू नये, एवढंच.

यंत्र धडधाकट असलं तरी जुन्या संगणकाचा आणखी एक प्रश्न उरतो. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि अनेक जुनी यंत्रं विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशा यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी प्रणाली टाकता येते. पत्रं लिहायला, वीजबिल भरायला आणि नातवंडांना व्हिडिओ कॉल करायला ती भरपूर आहे.

पावसाळ्यात ‘उगाच बिघडायला नको’ म्हणून महिनोन्‌महिने संगणक बंद ठेवून त्यावर प्लास्टिकचं कव्हर घालणारी घरं आपल्याकडे बरीच आहेत. हिशेब त्यांच्या विरुद्ध जातो. बाहेर २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असताना पेटीतली हवा चालू यंत्राच्या उबेने ३६ अंशांवर गेली, तर तिची सापेक्ष आर्द्रता ५४ टक्क्यांच्या आसपास उतरते, म्हणजे मीठ विरघळण्याच्या रेषेच्या बरीच खाली. तेव्हा रोज तासभर तो सुरू ठेवावा, आणि कव्हर आधी काढावं.