किडीची ओळख : हाती मोजण्यापासून छायाचित्रापर्यंत

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात बालाघाट, मंडला, दिंडोरी या पट्ट्यातील सालवनांवर सालबोररची मोठी लाट आली आणि लाखो झाडे वाळली. लांब शिंगांचा हा भुंगेरा पहिल्या पावसात बाहेर पडतो आणि ताज्या तोडलेल्या सालाच्या रसाकडे धाव घेतो. म्हणून झाडे पाडून, साल ठेचून सापळे लावले गेले आणि जमलेले भुंगेरे गावकऱ्यांनी हातांनी वेचले. ओळख पटवणारे आणि मोजणारे दोन्ही माणूसच. सालबोररच्या बाबतीत हे जमले, कारण भुंगेरा मोठा आणि ठळक असतो.

त्याच काळात युरोपात बारीक कीटकांसाठी संगणक कामाला लागले होते. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये इयन गॉल्ड आणि मार्क ओ'नील यांची 'डेझी' प्रणाली परजीवी गांधीलमाश्या पंखांवरून वेगळ्या करू लागली. जर्मनीतील 'एबिस' मधमाश्यांच्या पंखांतील शिरांचे जाळे मोजत असे. दोन्हींना नेमके पसरलेले, स्वच्छ पंख लागत. शेतात असा पंख मिळतो कुठे? २०१२ नंतर खोल न्यूरल जाळी रुळली आणि वैशिष्ट्ये आधी ठरवून देण्याची गरज संपली, पण ओळख पटवलेल्या छायाचित्रांची गरज प्रचंड वाढली. २०१९ च्या 'आयपी१०२' संचात १०२ प्रकारच्या किडींची ७५ हजारांहून अधिक चित्रे आहेत. यंत्राची नजर तयार होते ती त्या प्रत्येक चित्राला अचूक नाव देणाऱ्या कीटकतज्ज्ञाच्या श्रमातून, आणि हे श्रम फार कमी वेळा मोजले जातात.

बालाघाटशेजारच्या विदर्भात छायाचित्रावरून ओळखण्याचे हे तंत्र शेतापर्यंत आले. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने कापूस पोखरल्यानंतर वाधवानी एआयने 'कॉटनएस' विकसित केले. कामगंध सापळ्यातील पतंग पांढऱ्या कागदावर पसरून मोबाईलवर छायाचित्र काढायचे, प्रणाली पतंग मोजते आणि फवारणीची वेळ सुचवते. सलग तीन रात्री एका सापळ्यात दर रात्री आठ पतंग, ही नुकसानीची पातळी समजली जाते.

१५ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्राची छायाचित्रांवर आधारित राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणाली सुरू झाली. तिच्या पिकांत भातही आहे. चिन्नोर तांदळाच्या बालाघाटला हे महत्त्वाचे. मात्र भाताची कीड कॅमेऱ्यापुढे सहज येत नाही. तुडतुडे बुंध्याशी, पाण्यालगत बसतात. खोडकिडा खोडाच्या आतच असतो, म्हणून ओळख वाळलेल्या पोंग्यावरून आणि पोचट, पांढऱ्या लोंब्यांवरून करावी लागते. गादमाशीची, चंदेरी पोंग्यावरून.