रिपोर्ट नॉर्मल, मग बोटं का आखडतात?

सकाळी सातचा अलार्म वाजतो आणि तो बंद करायला बोटंच वळत नाहीत. टूथपेस्टचं झाकण उघडत नाही. धरमपेठेतून मिहानला स्कूटीनं निघालात, तर ब्रेक दाबताना जीव जातो. दुपारपर्यंत मात्र सगळं ठीक! तुम्ही रामदासपेठेतल्या लॅबमध्ये रक्त देता. ईएसआर, सीआरपी नॉर्मल. घरचे म्हणतात, 'काही नाही, कम्प्युटरमुळे होतं ते.'

थांबा! ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात, फक्त आजीचा आजार नाही. तो ऐन तिशीतही गाठतो, आणि बायकांना जास्त.

आधी टेस्टचा फंडा समजून घेऊ. शरीरात कुठेही दाह झाला, की यकृत सीआरपी हे प्रथिन जास्त बनवतं. ईएसआर म्हणजे उभ्या नळीत लाल पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसल्या, त्याचा आकडा. आग लागलीय एवढंच दोन्ही सांगतात. कुठे, ते नाही. छातीत जंतुसंसर्ग झाला तरी सीआरपी चढतोच.

ईएसआरची तर आणखी गंमत. ॲनिमियात तो उगाच वाढतो, आणि २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया आढळला. याउलट, आपल्या विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेल आजारात विळ्यासारख्या पेशी एकमेकींवर नीट रचल्या जात नाहीत. मग दाह असूनही ईएसआर कमी दिसू शकतो!

अमेरिका-युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०१०च्या निकषांत एकूण गुण १०. सहा झाले की हा आजार धरतात. सुजलेल्या-दुखऱ्या सांध्यांना ५ पर्यंत, आरएफ आणि अँटी-सीसीपीला ३ पर्यंत, त्रास सहा आठवडे टिकला तर १. आणि सीआरपी-ईएसआरला? दोन्ही मिळून फक्त १!

मग या टेस्ट फालतू का? मुळीच नाही. औषधं सुरू झाल्यावर दाह उतरतोय का, हे पाहायला त्या कामाच्या. पण नॉर्मल आकडा म्हणजे क्लीन चिट नव्हे.

सकाळी सांधे अर्ध्या तासाहून जास्त आखडतात? बोटांच्या सांध्यांना सूज आहे? मग ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे जाच. एकदा झिजलेलं हाड पूर्ववत होत नाही, लवकर औषध घेतलं तर झीज रोखता येते. रिपोर्टची फाइल जरूर न्या. पण आधी हात दाखवा!