वाटेतली सोबत

दोनशे वर्षांपूर्वी नागभीडकडचं कुणी काशीला निघालं, की आधी नागपूर गाठायचं. सगळा मुलूख भोसल्यांचा. पुढे सिवनी, छपारा, लखनादौन, जबलपूर अशी जंगलातली पायवाट. एकट्यानं कुणी जात नसे. चांगली सोबत बघून निघायचं, ही जुनी रीत. ठगांचा सगळा धंदा या सोबतीवरच उभा होता.

ते दरोडेखोरासारखे अंगावर धावून येत नसत. टोळीतला 'सोठा' धर्मशाळेत किंवा पाणवठ्यावर ओळख काढी. आपण शिपाई, आपण व्यापारी, वाट वाईट आहे, बरोबरच जाऊ. मग चार-आठ दिवस एकत्र चालणं, एकत्र जेवणं, रात्री गाणी. तोवर 'लुघा' म्हणजे खड्डे खणणारे पुढच्या मुक्कामाची जागा हेरून ठेवत. ठरल्या वेळी कुणीतरी 'तमाखू आणा' म्हणे. तीच 'झिरनी', इशारा. 'भुरतोट' मागून गळ्यात रुमाल टाकी, साथीदार हातपाय धरून ठेवत. रक्ताचा थेंब नाही. प्रेतं खड्ड्यात गेली, की कधी त्याच जागेवर चूल पेटे. पुढे गुळाचा प्रसाद वाटला जाई.

जालन्याच्या फौजेतले जनरल डव्हटन यांचे मुन्शी बंदे अली असेच बायको आणि तान्ह्या मुलीसह उत्तरेकडे निघाले होते. लखनादौनला तंबू पडला. ईस्ट इंडिया कंपनीचे सैनिक जवळच उतरलेले, म्हणजे भीतीचं कारणच नव्हतं. संध्याकाळी नवे सोबती तंबूपाशी सतार घेऊन बसले. मुन्शींना संशय आला, ते ओरडलेही. पण ठगांनी आपल्याच आरड्याओरड्यात ती हाक बुडवली. सगळ्यांना मारलं. मुलीला मात्र जिवंतच खड्ड्यात टाकून वर माती लोटली. हा तपशील पुढे माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांनीच सांगितला.

विल्यम स्लीमन 1822 ते 1824 नरसिंहपूरला जिल्ह्याचा अधिकारी होता. त्याच्या कचेरीपासून चारशे यार्डांवरच्या कंदेली गावात ठग राहत होते आणि त्याला पत्ता नव्हता. हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलं. 1830 च्या सुमारास फिरंगिया हा ठगांचा जमादार, म्हणजे टोळीचा म्होरक्या, हाती लागला आणि टोळ्या उलगडत गेल्या. या फिरंगियाचं म्हणणं होतं, की ठगीची प्रत्येक कृती वेरूळच्या लेण्यांत कोरलेली आहे! शिल्पांना तरी त्यातून सोडायला हवं होतं. 1836 च्या कायद्यानं नुसतं ठगांच्या टोळीत असणंही जन्मठेपेचा गुन्हा ठरलं.

बेहराम या ठगानं 931 खून केले, असं आजही सर्रास छापलं जातं. कॅप्टन पेटननं नोंदवलेल्या त्याच्या जबानीत आकडे वेगळे आहेत: स्वतःच्या हातानं सुमारे 125, आणि डोळ्यांदेखत झालेले आणखी 150. टोळीचा हिशेब एका माणसाच्या नावावर चढवून त्याला विक्रमवीर करणं चुकीचं आहे. त्यात मेलेली माणसं पुन्हा एकदा गाडली जातात.

बंदे अली लष्करातल्या बड्या साहेबाचे मुन्शी, म्हणून त्यांचं नाव तरी कागदावर उरलं. गंगेला निघालेल्या साध्या यात्रेकरूंची घरी फक्त वाट पाहिली गेली. नागपूरहून जबलपूरला जाणारा महामार्ग आजही लखनादौनवरूनच जातो.