एका पिशवीतले लोह

बदलापूरजवळ चामटोली हे गाव आहे. तेथून मुंबईकडे निघाले, की बदलापूर, अंबरनाथ आणि मग उल्हासनगर लागते. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली हजारो कुटुंबे उल्हासनगरात वसली. सिंधी समाजात थॅलॅसीमिया या आनुवंशिक रोगाचे वाहक बरेच आढळतात. इतर समाजांतही ते आहेतच. भारतात सरासरी दर शंभरांत तीन-चार.

वाहक म्हणजे काय? रक्तातील हीमोग्लोबिन अल्फा व बीटा या प्रथिनसाखळ्यांचे बनते. बीटा साखळीचे एक जनुक आईकडून येते, एक वडिलांकडून. त्यांपैकी एकच सदोष असेल, तर माणूस वाहक असतो, पण धडधाकट असतो. दोन्ही सदोष असतील, तर मूल जन्मानंतर काही महिन्यांतच फिकट पडू लागते. जन्मतःच का नाही? गर्भाच्या हीमोग्लोबिनात बीटा साखळी नसतेच! जन्मानंतर ते हीमोग्लोबिन कमी होत जाते आणि मग उणीव उघडी पडते.

अशा मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. आता थोडे गणित करा. रक्ताच्या एका पिशवीतून सुमारे २०० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते. शरीर रोज जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह बाहेर टाकते. म्हणजे एका पिशवीचा निचरा व्हायला किमान शंभर दिवस! तोवर आणखी पिशव्या चढलेल्या असतात. साठलेले लोह यकृताला आणि हृदयाला घातक ठरते.

हे लोह काढणारे पहिले प्रभावी औषध पंपाने कातडीखाली, रात्री आठ-दहा तास द्यावे लागे. १९९० च्या दशकात डेफेरिप्रोन हे तोंडाने घेण्याचे औषध आले. त्याच्या वापराला प्रथम भारताने परवानगी दिली. मुंबईच्या डॉक्टरांनी त्याच्या चाचण्या केल्या होत्या.

पण रोग मुळातून बरा होईल का? होय. १९८१ साली अमेरिकेत सिअॅटल येथे थॅलॅसीमियाच्या एका रुग्णावर अस्थिमज्जा-रोपण यशस्वी झाले. मात्र जुळणारा दाता हवा. सख्खे भावंड जुळण्याची शक्यता चारांत एक असते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने मान्य केलेल्या क्रिस्पर उपचारात दाता लागत नाही. रुग्णाच्याच मूलपेशींतील जनुकात बदल करून गर्भावस्थेतले हीमोग्लोबिन पुन्हा सुरू करतात! परंतु अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली.

याउलट, वाहक ओळखायला रक्ताची एक साधी तपासणी पुरते. तीत हीमोग्लोबिन ए-२ चे प्रमाण मोजतात. दोन्ही पालक वाहक असतील, तर प्रत्येक खेपेस मूल रोगी होण्याची शक्यता चारांत एक असते. हे आधी कळले, तर डॉक्टरांचा सल्ला वेळीच घेता येतो. वाहक असणे हा रोग नाही आणि त्यात लाजण्यासारखेही काही नाही.

आणि वयाची १८ वर्षे पूर्ण झाली, की रक्तदान करा. कितीही नवे उपचार निघाले, तरी आज बहुतेक थॅलॅसीमिक मुले दुसऱ्याने दिलेल्या रक्तावरच जगतात.