पळती कशी सुधारावी?

'वेड पांघरून पेडगावला जाणे' हा वाक्प्रचार ज्याच्या कानावरून गेला नाही असा मराठी माणूस विरळाच. हा वाक्प्रचार ज्या पेडगावाशी जोडतात ते भीमेच्या काठचे, बहादूरगडाचे पेडगाव होय. मोगल सरदार बहादूरखान याला एका टोळीने हूल देऊन छावणीबाहेर दूर नेले आणि मागे राहिलेल्यांनी छावणी साफ केली, अशी कथा त्याविषयी सांगतात. आम्ही आज ज्या पेडगावाविषयी लिहिणार आहोत ते निराळे. ते परभणीच्या जवळ, मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गालगत, ज्वारी-कापसाच्या काळ्याभोर शिवारात वसलेले आहे. तेथे गड नाही, खजिन्याची कथाही नाही. तथापि वेड पांघरण्याच्या विद्येचा खल आम्ही ऐकला तो याच पेडगावात, आणि तोही खो-खोच्या निमित्ताने.

गेल्या हिवाळ्यात कामानिमित्त आमचे तिकडे जाणे झाले असता संध्याकाळी पारावर दहाबारा मंडळी तावातावाने बोलत बसलेली दिसली. प्रथम आम्हांस वाटले की विषय निवडणुकीचा असावा, फार तर कापसाच्या भावाचा. परंतु वाद चालला होता तो असा, की आपला संघ पाठलागात चांगला असूनही पळतीत का ढेपाळतो आणि त्याला उपाय काय. कोणता संघ, व तो कोणाकडून हरला, हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. हरलेल्यांच्या नावांची यादी छापून कोणाचेच भले होत नाही.

आमच्या वाचकांच्या घरांतून आजोबांपासून नातीपर्यंत बहुतेकांनी हा खेळ शाळेत खेळलेला असेल. पण खेळलेल्यालाही त्याचे नियम नीट आठवतात असे नाही, म्हणून थोडे सांगतो. मैदानाच्या मधोमध एक अरुंद पाटी, तिच्या दोन्ही टोकांना एकेक खांब, आणि त्या पाटीवर आठ गडी एकाआड एक उलट दिशांना तोंडे करून बसलेले. नववा गडी पाठलाग करतो. पळणाऱ्यांचे गडी तिघातिघांच्या तुकड्यांनी मैदानात उतरतात. पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही. एकदा त्याने दिशा घेतली की खांबापर्यंत गेल्यावाचून मागे फिरता येत नाही. नुसता खांदा उलट वळला तरी पंच शिटी वाजवतात. पळणाऱ्याला मात्र यांतले एकही बंधन नाही. तो वाटेल तेथून पाटी ओलांडतो, वाटेल तेव्हा फिरतो. पाठलाग करणाऱ्याच्या हाती एकच शस्त्र, ते म्हणजे बसलेल्या गड्याला पाठीमागून 'खो' देऊन आपली जागा त्याला देणे.

पारावरच्या वादात प्रथम बाजी मारली ती एका पंचविशीच्या तरुणाने. त्याचे म्हणणे रोखठोक होते : "गुरुजी, पोरांच्या पायात दमच नाही. रोज सकाळी धुऱ्यावरून दोन कोस पळवा, महिन्याभरात फरक दिसतो का नाही बघा." बहुतेकांनी माना डोलावल्या. दुसरा एक जण म्हणाला की दोन कोस कशाला, शंभर मीटरची शर्यत लावावी आणि जो पुढे येईल त्यालाच पळतीला घ्यावे.

ज्यांना गुरुजी म्हणून हाक मारली होती ते निवृत्त शिक्षक होते, आणि हा खेळ त्यांनी मुलांना पुष्कळ वर्षे शिकवलेला दिसला. ते हसून म्हणाले, "अरे बाळा, नऊ जणांपुढं एकटा किती पळशील? पळतीत पळायचं नसतं."

हे वाक्य मंडळींना कोडे वाटले, आम्हांसही क्षणभर वाटले. पण जरा विचार केला म्हणजे त्यातले मर्म ध्यानात येते. पाठलाग करणारा दमला की तो खो देतो आणि त्याच्या जागी ताज्या पायांचा गडी उठतो. पळणारा तोच राहतो. म्हणजे सरळ धावण्याच्या शर्यतीत पळणारा कितीही चपळ असला तरी त्याची हार ठरलेलीच. एका घोड्याने टप्प्याटप्प्याला घोडी बदलणाऱ्या जासुदाशी स्पर्धा करावी तसला तो प्रकार होईल. पळणाऱ्याचे खरे भांडवल त्याच्या पायांत नसून मोकळेपणात आहे. समोरच्याचे हात नियमांनी बांधलेले आहेत व आपले मोकळे आहेत, ही गोष्ट ज्याने क्षणोक्षणी वापरली तो टिकतो.

ती वापरायची कशी याचे जे दोन मुख्य मार्ग खेळाडूंत रूढ आहेत, त्यांवर गुरुजींनी बराच वेळ खर्च केला. एक साखळीचा. बसलेल्या गड्यांमधून नागमोडी जात राहायचे. एकेका गड्याला वळसा घातला तर ती एकेरी साखळी, दोघांना एकदम घातला तर दुहेरी. प्रत्येक वेळी पाटी ओलांडली की पाठलाग करणाऱ्याला खो देणे भाग पडते, आणि प्रत्येक खो म्हणजे काही क्षण पळणाऱ्याच्या पदरात. दुसरा मार्ग गोलाचा. पाटीवरच्या मोजक्या गड्यांभोवती घिरट्या घालीत राहायचे, लांब जायचेच नाही. यात पायांना श्रम कमी, पण डोळ्यांना फार. समोरच्याचा खांदा कोणीकडे कलतो आहे ते त्याला स्वतःला कळण्याआधी आपल्याला कळले पाहिजे. खांबाजवळची जागा दोन्ही प्रकारांत घाताची. खांब गाठला की पाठलाग करणाऱ्याचे दिशेचे बंधन सुटते, शिवाय खांबाला एका हाताने धरून तो अंग झोकून देतो व हातभर पलीकडच्या गड्याला टिपतो. नवशिके बहुधा तेथेच बाद होतात.

आणि मग हूल. पळणारा पाटी ओलांडण्याचा नुसता आव आणतो, अर्धे अंग आत घालतो. पाठलाग करणारा फसून खो देतो, नवा गडी ताडकन उठून दिशा घेतो, आणि तेवढ्यात हा मूळच्याच बाजूला सुरक्षित उभा! उठलेल्याला आता वळता येत नाही. त्याने पुन्हा खो द्यावा तेव्हा कोठे चूक निस्तरते. वेड पांघरून पेडगावला जाण्याचा हा मैदानी अवतार पाहून आम्हांस त्या वाक्प्रचाराची आठवण न होती तरच नवल.

गुरुजींचा उपाय असा, की मुलांना कोस न कोस पळवण्यापेक्षा पाच-सहा पावलांत वेग घेणे, जागच्या जागी थांबणे आणि पुन्हा सुटणे याचा सराव द्यावा. आणि तोही समोर पाठलाग करणारा उभा करूनच. रिकाम्या मैदानात पळून खांदा वाचण्याची नजर येत नाही. आमच्या मते हे शंभर हिश्शांनी बरोबर आहे, पण पुरेसे नाही. नऊ मिनिटांची पाळी म्हणजे पाचशे चाळीस सेकंद. पहिल्या तुकडीतील तिघांनी प्रत्येकी दीड मिनिट काढले तर साडेचार मिनिटे जातात, आणि उरलेल्या सहांच्या वाट्याला प्रत्येकी पाऊणच मिनिट येते. पाऊण मिनिट हा काळ घरी बसून लहान वाटतो, मैदानात फार मोठा असतो. दम नसलेला गडी तेवढ्यात हूल विसरतो व सरळ पळू लागतो, आणि तेथेच त्याचा निकाल लागतो. तेव्हा त्या तरुणाचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. नजर शाबूत राहावी एवढ्यापुरता दम हवाच.

याच हिशोबातून तिसरा पक्ष निघाला. एका दुकानदाराचे म्हणणे, दोष पायांचा नाही व नजरेचाही नाही, क्रमाचा आहे. आपण तिन्ही उत्तम गडी पहिल्या तुकडीत खर्च करतो. ते गेले की मागचे सहा पत्त्यांच्या घरासारखे कोसळतात. प्रत्येक तुकडीत एक जाणता गडी ठेवावा. यावर फार गरमागरम चर्चा झाली. पहिली तुकडी जितकी लांबेल तितकी पाठलाग करणाऱ्यांची घाई व चुका वाढतात, हा उलट पक्षाचा मुद्दाही खोटा नव्हे. नऊही गडी बाद झाले तर त्याच क्रमाने पुन्हा उतरावे लागते, म्हणून दुबळा संघ क्रम चुकला की दुहेरी मार खातो. आमचा कल दुकानदाराकडे आहे. बलाढ्य संघाने वाटेल तसे करावे. ज्याच्याकडे तीनच चांगले गडी आहेत त्याने ते एकाच खिशात ठेवू नयेत.

या खेळाचे नियम पारावरच्या अशाच वादांतून घासूनपुसून तयार झाले असावेत असे आम्हांस नेहमी वाटते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 मध्ये नियम बांधण्यास आरंभ केला, बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने 1924 च्या सुमारास आपले नियम केले, अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने 1935 मध्ये नियमपुस्तक काढले, आणि 1959-60 मध्ये विजयवाडा येथे पुरुषांची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. परभणी 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होती, हे ध्यानात घेतले म्हणजे पुण्या-बडोद्याचा हा खेळ आज तिच्या खेड्यांतील पारावर इतक्या बारकाईने चर्चिला जातो याचे कौतुक वाटते.

अलीकडे मात्र या वादात एक नवी भर पडली आहे. जुन्या पद्धतीत पळणाऱ्याला स्वतःचा गुण मिळत नसे. त्याने काय ते प्रतिपक्षाचे गुण रोखावे. वर्तमानपत्रांतून त्याची मिनिटे तेवढी छापून येत. 2022 मध्ये पुण्यास सुरू झालेल्या 'अल्टिमेट खो-खो'त आणि जानेवारी 2025 मध्ये नवी दिल्लीस भरलेल्या पहिल्या विश्वचषकात, ठरलेल्या वेळेपलीकडे तग धरणाऱ्या तुकडीला गुण देण्याची योजना झाली. तिला 'ड्रीम रन' असे नाव आहे. पळतीचे मोल असे प्रथमच गुणफलकावर चढले. त्या विश्वचषकात भारताच्या महिलांनी नेपाळला 78-40 असे व पुरुषांनी नेपाळलाच 54-36 असे हरवले. हे सामने मॅटवर होतात. काळ्या मातीच्या मुलखात याचा अर्थ फार गंभीर आहे. ही माती पावसाळ्यात पायाला गोळ्यांनी चिकटते व उन्हाळ्यात भेगा पडून घोटा मुरगळते. मुरूम टाकून मैदान केले तरच वर्षातले काही महिने खेळ होतो. अनवाणी मातीवर थांबण्याची सवय झालेल्या गड्याला मॅटवर बूट घालून थांबणे नव्याने शिकावे लागते, आणि पळती म्हणजे तर मुख्यतः थांबणे!

एवढा वेळ एक प्रौढ बाई पाराच्या कडेला उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांची भाची शाळेच्या संघात पळते असे मागाहून कळले. त्या म्हणाल्या, "गुरुजी, पोरांचं चालू द्या. पोरी तर पळतात हो चांगल्या. पण दहावी झाली की घरात ठेवतात. मग तुमची ती नजर यायची कधी?"

कोणी काही बोलेना. गुरुजी एवढेच म्हणाले, "खरं आहे तुमचं, मावशी."

आमच्या मते त्या संध्याकाळचा सर्वांत मोठा मुद्दा हाच होता. दम महिन्यांत वाढतो, क्रम एका बैठकीत बदलता येतो, परंतु खांदा वाचणारी नजर वर्षानुवर्षांच्या सरावाने येते. आणि ती येऊ लागते नेमकी त्याच वयात मुलीचा खेळ बंद होतो. हे केवळ खेड्यातच घडते असे आमच्या सुशिक्षित वाचकांनी समजू नये. एकत्र कुटुंबांतून मुलाच्या क्रिकेटसाठी सकाळी चहा लवकर होतो. मुलीच्या सरावासाठी तसा होतो काय, हे ज्याने त्याने आपल्या स्वयंपाकघरात विचारून पाहावे. मराठवाड्याला याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. उस्मानाबादची, म्हणजे आताच्या धाराशिवची, सारिका काळे 2016 मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार होती, आणि 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. 2025 च्या विश्वविजेत्या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे हिचे मूळही बीड जिल्ह्यातले. यांना कोणी दहावीनंतर घरी बसवले असते तर त्यांची नावे आज कोणाला ठाऊक असती?

दिवेलागणीनंतर मंडळी पांगली. क्रमाचा वाद अनिर्णित राहिला. धुऱ्यावरून पळवावे की नाही याचाही निकाल लागला नाही. गुरुजींनी जाताना त्या बाईंना भाचीच्या वडिलांचे घर कोठे ते विचारून घेतले व रविवारी येतो म्हणून सांगितले. मुलगी नववीत होती, म्हणजे हाती अजून एक वर्ष होते.