जुने आकडे, नवे आकडे

कोलकात्याच्या मध्यवस्तीत चांदनी चौक नावाची बाजारपेठ आहे. दिल्लीच्या चांदनी चौकाशी तिचे नाते केवळ नावापुरतेच. विजेची उपकरणे आणि संगणकाचे सुटे भाग यांसाठी ती प्रसिद्ध आहे. अशा बाजारात एखादा विद्यार्थी वडिलांसह ग्राफिक्स कार्ड घ्यावयास जातो, तेव्हा त्याच्यापुढे आकड्यांची रास पडते. वडील साहजिकच मोठा आकडा पाहतात. परंतु वेगवेगळ्या काळांतील दोन कार्डांचे आकडे शेजारी मांडले म्हणजे तुलना झाली, असे मात्र नाही.

श्रोतेहो, संगणकाच्या पडद्यावरील चित्र हे लक्षावधी ठिपक्यांचे बनलेले असते. प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरविण्याचे गणित सोपे, पण ते असंख्य वेळा करावे लागते. त्यासाठी एक निष्णात गणिती बसविण्यापेक्षा हजार कारकून बसवून प्रत्येकाकडे एकेक बेरीज सोपविणे बरे. ग्राफिक्स कार्ड म्हणजे असे कारकुनांचे दालनच होय. त्याची स्मृतीही स्वतंत्र असते.

प्रथम ही स्मृतीच घेऊ. १९८१ साली आयबीएमने काढलेल्या रंगीत चित्रांच्या कार्डात १६ किलोबाइट स्मृती होती. आडवे ३२० आणि उभे २०० असे ६४,००० ठिपके, आणि प्रत्येकाला चारांपैकी एक रंग; याला १६,००० बाइट लागतात. म्हणजे तो आकडा सरळ चित्राचे माप सांगत होता. २०२२ सालच्या जीफोर्स आरटीएक्स ४०९० या कार्डात २४ गिगाबाइट स्मृती आहे, म्हणजे सुमारे पंधरा लाख पट. पण ८३ लक्ष ठिपक्यांचे आजचे मोठे चित्रदेखील साडेतीन कोटी बाइटांत मावते. मग उरलेली स्मृती कशासाठी? तीत वस्तूंचे आकार, त्यांच्या पृष्ठभागांचे नमुने, अर्धवट तयार झालेली चित्रे आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपेही ठेवावी लागतात. शब्द तोच राहिला. त्यामागचे काम पालटले.

आता कारकुनांची संख्या पाहू. २०१० सालच्या जीटीएक्स ५८० या कार्डात ५१२ गणनाघटक होते, तर २०१२ सालच्या जीटीएक्स ६८० मध्ये १,५३६. गिऱ्हाईक म्हणेल, काम तिप्पट झाले! परंतु जुन्या कार्डातील घटक १,५४४ मेगाहर्ट्झ गतीने चालत आणि नव्यातील १,००६ मेगाहर्ट्झने. गुणाकार केला तर गणनाशक्ती जेमतेम दुप्पट भरते. शिवाय स्मृतीतून माहिती आणण्याचा वेग दोहोंतही सेकंदाला सुमारे १९२ गिगाबाइट एवढाच होता. कारकून वाढले, पण कागद आणून देणारे शिपाई तेवढेच राहिले. म्हणून प्रत्यक्ष खेळांत लाभ दुपटीहूनही कमीच दिसला. मात्र नवे कार्ड वीज कमी खात होते, हा त्याचा खरा गुण घटकांच्या संख्येवरून मुळीच कळला नसता.

कोलकात्याला आकडेमोडीच्या यंत्रांचा जुना इतिहास आहे. शहराच्या उत्तरेस बरानगर येथील भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५३ साली समरेंद्रकुमार मित्र यांच्या मार्गदर्शनाखाली दहा चलांची एकसामायिक समीकरणे सोडविणारे यंत्र घडविले गेले. पुढे प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या प्रयत्नांनी तेथे इंग्लंडहून एचईसी-२एम हा भारतातील पहिला अंकीय संगणक आला. त्याच्या फिरत्या दंडगोलावर अवघे १,०२४ शब्द मावत. आजच्या कोणत्याही कार्डापुढे हा आकडा हास्यास्पद वाटेल. तरीही हाताने सोडविण्यास आठवडे लागणारी गणिते त्याने सोडविली. त्या काळी त्याची तुलना कागद-पेन्सिलीशी होती, आणि ती त्याने जिंकली.

नवलाची गोष्ट अशी की, २००७ सालापासून ग्राफिक्स कार्डांना चित्रांखेरीज इतर गणितेही सहज सांगता येऊ लागली, आणि समीकरणांच्या मोठमोठ्या मांडण्या सोडविणे हेच त्यांचे एक प्रमुख काम झाले. बरानगरच्या यंत्राचा धंदा या कार्डांकडे आला, असे म्हणावयास हरकत नाही.

तेव्हा कार्ड घेताना आधी कामाचे नाव घ्यावे, आणि त्या कामाला स्मृती किती, माहितीचा वेग किती आणि वीज किती लागते हे पाहावे. आरटीएक्स ४०९० ला एकट्यालाच ४५० वॅट वीज लागू शकते. घरच्या संगणकाचा वीजपुरवठा तेवढा भार सोसेल काय, हेही विचारावे. खोक्यावर न छापलेली आणखी एक गोष्ट तपासावी: कार्ड चालविणारी आज्ञावली अद्याप नवी होत आहे काय? जीटीएक्स ६८० च्या पिढीसाठी ती नियमितपणे सुधारणे २०२१ साली थांबले. असे कार्ड स्वस्तात मिळाले आणि त्याचे आकडे भरघोस असले, तरी नव्या कामासाठी विद्यार्थ्याचे पैसे वाया जाण्याचाच संभव अधिक.